पंचाहत्तर वॅटांचा मध्य : इस्लामपूर आणि ग्राफिक्स कार्डाच्या निवडीचा इतिहास

संगणकावर खेळ खेळण्यासाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डांची बाजारात जी उतरंड रचली जाते, तिच्यातल्या मधल्या पायरीला विक्रेता आणि ग्राहक दोघेही ‘मिड-रेंज’ म्हणतात. मात्र ही पायरी नेमकी कशाने मधली ठरते, याचे उत्तर काळाप्रमाणे आणि त्याहूनही अधिक ठिकाणाप्रमाणे बदलत आले आहे. कार्ड घडविणाऱ्या कंपनीच्या हिशेबी मध्य हा डॉलरमधील किमतीचा असतो आणि परीक्षणे लिहिणाऱ्यांच्या हिशेबी तो दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या, संख्येचा असतो. वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या इस्लामपूरसारख्या गावी मात्र तो दीर्घकाळ विजेचा राहिला, असे म्हणण्यास भरपूर जागा आहे. मदरबोर्डवरील खाचेतून, वेगळी तार न जोडता, जेवढी वीज मिळते तेवढ्यावर चालणारे सर्वांत बरे कार्ड, ही मधल्या कार्डाची व्याख्या कुणी लिहून ठेवलेली नाही. परंतु खरेदीला वेढणारी परिस्थिती पाहिली की तीच व्याख्या पुन्हापुन्हा हाती लागते.

ही परिस्थिती समजण्यासाठी गावाचे स्थान लक्षात घ्यावे लागते. वाळवा तालुका मूळचा सातारा जिल्ह्यातला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा तो त्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. उरुण-इस्लामपूर अशा जोडनावाने ओळखले जाणारे आणि राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये ज्याचे ईश्वरपूर असे नामांतर जाहीर केले ते हे गाव पुणे–बंगळूर महामार्गावरील पेठ नाक्यावरून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कोल्हापूर, सांगली आणि कराड ही तिन्ही बाजारपेठेची शहरे तासा-दीड तासाच्या एसटी प्रवासात गाठता येतात, आणि म्हणूनच कुठल्याही विशेष वस्तूसाठी गावातच मोठे दुकान उभे राहण्याची निकड भासत नाही. भोवतालचे अर्थकारण उसाचे. राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना साखराळे येथे गावाच्या जवळच आहे आणि त्याच परिसरात, राजारामनगरला, कासेगाव शिक्षण संस्थेने १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली होती आणि राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ज्याला सर्व जण आरआयटी म्हणतात, ते त्या पहिल्या लाटेतले होते. कारखाना आणि महाविद्यालय या दोन संस्थांनी या प्रदेशात संगणक आणला. खेळ तिसऱ्या वाटेने, मागून आला.

ऊस उत्पादकांच्या नोंदी, तोडणीचा क्रम, वजनकाट्यावरचे वजन आणि बिलाचा हिशेब ही कामे संगणकावर नेण्याचा या भागातील सर्वांत गाजलेला प्रयोग शेजारच्या वारणा खोऱ्यात झाला. १९९८ मध्ये केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला आणि गावोगावच्या केंद्रांत संगणक मांडले. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक तरुणाला एकदा तरी संगणकापुढे बसविले. या दोन्ही ठिकाणच्या यंत्रांना ग्राफिक्स कार्डाची गरज नव्हती, कारण अक्षरे, तक्ते आणि खिडक्या दाखविण्यापुरते चित्रकाम मदरबोर्डवरच बसविलेले असे. इंटेल कंपनीने १९९९ मध्ये ८१० आणि २००२ मध्ये ८४५जी हे संच आणून हे अंगभूत चित्रकाम स्वस्त केले होते. तालुक्याच्या गावात सुटे भाग जोडून तयार होणाऱ्या, म्हणजे ‘असेंबल्ड’, संगणकांचा पाया हाच होता, आणि ग्राफिक्स कार्डासाठीची खाच त्यांत पुष्कळदा वर्षानुवर्षे रिकामीच राहत असे.

ती खाच भरण्याची गरज कशी निर्माण झाली हे पाहताना कार्डाचे काम थोडक्यात सांगणे भाग आहे. त्रिमितीय खेळातील प्रत्येक वस्तू ही हजारो त्रिकोणांची बनलेली असते. हे त्रिकोण खेळाडूच्या दृष्टिकोनानुसार फिरविणे, त्यांच्यावर उजेड-सावली पाडणे आणि शेवटी पडद्यावरील लाखो ठिपके रंगविणे हे काम सेकंदाला तीस ते साठ वेळा करावे लागते. त्यातले ठिपके रंगविण्याचे काम १९९६ च्या सुमारास थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डाने मुख्य प्रोसेसरकडून काढून घेतले, आणि १९९९ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ ने त्रिकोण फिरविण्याचे व उजळविण्याचे कामही स्वतःकडे घेतले. पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली आणि २००६ मध्ये एटीआय ही प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने घेतली. त्यानंतरचा सोळा-सतरा वर्षांचा बाजार हा या दोघींचाच राहिला.

मध्य हा किमतीचा असला तरी तो कारखान्यात कसा जन्माला येतो, हे ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. सिलिकॉनच्या एका चकतीवर एकाच आराखड्याच्या अनेक चिप कोरल्या जातात, त्यांतल्या काहींत बारीक दोष राहतात, आणि दोषाचा भाग बंद करून उरलेली चिप खालच्या नावाने विकली जाते. एनव्हिडियाचे २०१४ चे जीटीएक्स ९७० हे असेच, जीटीएक्स ९८० च्या चिपचे काही भाग झाकून बनविलेले कार्ड होते. बियाण्याच्या कांड्या निवडल्यावर उरलेला ऊस गाळपाला जावा, तसा हा व्यवहार आहे आणि त्यात फसवणूक नाही. फसवणुकीच्या जवळ जाते ते नाव. २००२ मध्ये जीफोर्स ४ या नावाखाली दोन वेगळी कुळे विकली गेली, त्यांपैकी स्वस्त असलेल्या जीफोर्स ४ एमएक्स मालिकेचा गाभा मागच्या पिढीतला होता आणि ठिपक्यांवर छोटे प्रोग्रॅम चालविण्याची नवी सोय, जिला पिक्सेल शेडर म्हणतात, तिच्यात नव्हती. याचा परिणाम २००३ मध्ये उघडा पडला. त्या वर्षी संगणकावर आलेला ‘जीटीए व्हाइस सिटी’ हा खेळ ३२ एमबी स्मृतीच्या साध्या कार्डावर चालत असे, पण त्याच वर्षीचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम’ पिक्सेल शेडर नसलेल्या कार्डावर, मग त्याच्या खोक्यावर ४ हा आकडा कितीही ठळक छापलेला असो, सुरूच होत नसे. नावांची ही चलाखी पुढेही थांबली नाही: जीफोर्स ८८०० जीटी हे २००७ चे कार्ड वर्षभरात जवळजवळ तसेच ९८०० जीटी झाले, आणि २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आवृत्तीत केवळ स्मृती कमी नव्हती, तर १२८० ऐवजी ११५२ गणनकेंद्रे होती.

शहरातील ग्राहक अशा वेळी चाचण्यांचे आकडे वाचत असे. लहान गावातील बाजाराने मात्र आपले एक सोपे माप शोधले, ते म्हणजे स्मृती: ‘किती जीबीचं कार्ड?’ हा प्रश्न रॅम आणि हार्डडिस्क यांच्या खरेदीतून आलेला असल्याने तो सर्वांना कळत होता आणि विक्रेत्याला त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत होते. हे माप दिशाभूल करणारे होते, कारण स्मृती किती आहे याइतकेच ती किती रुंद वाटेने चिपला जोडलेली आहे हेही महत्त्वाचे असते. २०१४ मध्ये आलेले जीटी ७३० हे कार्ड त्याचा नमुना ठरावे. एकाच नावाखाली ९६ गणनकेंद्रांची जुनी चिप आणि ३८४ केंद्रांची नवी चिप असे दोन प्रकार विकले गेले, आणि संथ स्मृती ६४ बिटांच्या अरुंद वाटेने जोडलेल्या प्रकारांवरही २ किंवा ४ जीबीचा आकडा झळकत राहिला. विहीर मोठी आणि मोट लहान, अशी ती रचना होती. दोष संपूर्णपणे विक्रेत्यावर टाकता येत नाही, कारण खोक्यावर कुठला आकडा मोठा छापायचा हे तैवानात ठरत होते.

आता विजेकडे वळावे, कारण या इतिहासाचा गाभा तिथे आहे. १९९७ मध्ये आलेल्या एजीपी या खाचेतून कार्डाला सुमारे ४० वॅट वीज मिळे. २००४ पासून रूढ झालेल्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेने ही मर्यादा ७५ वॅटपर्यंत नेली. त्याहून अधिक वीज हवी असेल तर संगणकातील वीजपुरवठ्याच्या डब्यापासून, म्हणजे एसएमपीएसपासून, कार्डापर्यंत सहा किंवा आठ टाचण्यांची वेगळी तार यावी लागते. पहिली तार आणखी ७५ वॅट देते आणि दुसरी १५०. असेंबल्ड संगणकाच्या कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस फुकटात यावा तसा येई, त्याला पुष्कळदा ही तारच नसे. त्याच्या पाठीवर ४५० वॅट असे छापलेले असले तरी तो आकडा सर्व दाबांच्या वाहिन्यांची बेरीज असे, आणि ग्राफिक्स कार्ड जिच्यावर अवलंबून असते त्या १२ व्होल्टच्या वाहिनीची ताकद त्याहून बरीच कमी निघे. कार्डासाठी नवा एसएमपीएस घ्यायचा तर खर्च वाढणार आणि तो खर्च पडद्यावर दिसणार नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हा खर्च समजावून सांगणे हे कार्डाचा खर्च समजावण्यापेक्षा अवघड होते, हे वेगळे सांगायला नको.

त्यातच भारनियमनाची वर्षे आली. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे गेले, आणि त्याच सुमारास विजेची तूट इतकी वाढली की तालुक्याच्या गावांत आणि त्याहून अधिक खेड्यांत रोज काही तास वीज जाणे हे वेळापत्रकाचा भाग झाले. अशा घरात संगणकाबरोबर यूपीएस घेणे अटळ होते. सर्वसाधारण ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. अंगभूत चित्रकामाच्या संगणकाला ती काम जतन करून यंत्र शांतपणे बंद करण्याइतका अवधी देत असे, पण शंभर-दीडशे वॅट ओढणारे कार्ड जोडल्यावर ती बॅटरी वीज जाताच मान टाके. पुढे चांगल्या प्रतीचे एसएमपीएस आले तेव्हा आणखी एक विसंगती उद्भवली: वीज सुधारून घेणारे त्यांतले सर्किट स्वस्त यूपीएसच्या पायरीदार लहरींशी जुळवून घेत नसे आणि वीज गेल्याक्षणी संगणक बंद पडे. म्हणजे उत्तम भाग घेतल्याने नुकसान, असा उफराटा न्याय काही घरांच्या वाट्याला आला.

या पार्श्वभूमीवर जगाचा मध्य आणि तालुक्याचा मध्य कसे वेगळे झाले ते पाहता येते. जगाने २००७ मध्ये ८८०० जीटीला, २००८ मध्ये एएमडीच्या १९९ डॉलरच्या रेडिऑन एचडी ४८५० ला आणि २०१० मध्ये जीटीएक्स ४६० ला मधल्या किमतीतील उत्तम कार्ड म्हणून नावाजले. ही तिन्ही कार्डे वेगळी तार मागणारी होती. खाचेच्या विजेवर भागविणाऱ्यांची परंपरा निराळी आहे. पीसीआय एक्स्प्रेस आवृत्तीतील ६६०० जीटी (२००४) हे तिचे पहिले ठळक उदाहरण. त्याच्या एजीपी आवृत्तीला जादा तार लागे, नव्या खाचेतील आवृत्तीला लागत नसे, आणि खाच बदलल्याने काय घडले ते यापेक्षा स्पष्ट दुसरे कशानेही दाखविता येणार नाही. मग ८६०० जीटी (२००७), ७९ डॉलरचे रेडिऑन एचडी ४६७० (२००८) आणि एचडी ५६७० (२०१०) ही कार्डे आली. या मालिकेचा कळस फेब्रुवारी २०१४ मध्ये जीटीएक्स ७५० टीआयने गाठला. केवळ ६० वॅटमध्ये त्याने त्या काळचे बहुतेक खेळ चालविण्याजोगे केले, आणि पुढच्या वर्षी ‘जीटीए ५’ संगणकावर आला तेव्हा जुन्या कार्यालयीन संगणकातही तो चालणे या कार्डामुळे शक्य झाले. ऑक्टोबर २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय आणि एप्रिल २०१९ चे जीटीएक्स १६५० ही त्याची थेट वारस, दोघेही ७५ वॅटच्या काठावरचे. स्टीम या विक्रीमंचाच्या मासिक पाहणीत कित्येक वर्षे जीटीएक्स १०६० अग्रस्थानी होते आणि २०२२ च्या अखेरीस ते स्थान १६५० ने घेतले. त्या गणतीत लॅपटॉपमधील चिपही येतात हे मान्य केले, तरी कमी विजेच्या कार्डाला जगभर किती मोठा आधार होता ते यातून दिसते. इस्लामपूरची अडचण ही एकट्या इस्लामपूरची नव्हती.

किमतीचा विचार विजेनंतर येतो, पण तो लहान नव्हे. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान कराराला मान्यता दिल्यानंतर संगणकाच्या सुट्या भागांवरील मूळ आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले; तरीही किंमत डॉलरला बांधलेलीच राहिली. १४९ डॉलरचे ७५० टीआय त्या वेळच्या साधारण ६२ रुपयांच्या दराने करांपूर्वी सव्वानऊ हजारांच्या आसपास पडत होते. २०२३ चे २९९ डॉलरचे आरटीएक्स ४०६० सुमारे ८२ रुपयांच्या दराने आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून एकोणतीस हजारांच्या घरात जाते. कर बाजूला ठेवले तरी नऊ वर्षांत मधल्या पायरीची उंची अडीच पटीहून अधिक झाली. ऊस उत्पादक घरात मोठ्या खरेदीचा मुहूर्त बिलाशी जोडलेला असतो. गाळप सुरू झाल्यानंतरचा पहिला हप्ता, आणि सहकारी कारखान्यांच्या प्रथेप्रमाणे दिवाळीला मिळणारा शेवटचा हप्ता, या दोन वेळी हातात रोकड असते, आणि संगणक बहुधा महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या निमित्ताने त्याच रकमेतून येतो. साहजिकच कार्डाला अभ्यासाचे निमित्त लागे. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आराखडे काढण्याच्या कॅड प्रणाली शिकाव्या लागत, आणि त्यांना खरे तर वेगळ्या, व्यावसायिक दर्जाच्या कार्डांची शिफारस असली तरी शिकाऊ कामाला खेळाचे कार्ड पुरत असे. २००७ मध्ये एनव्हिडियाने कूडा ही प्रणाली आणून ग्राफिक्स चिपवर सर्वसाधारण गणिते करण्याची वाट उघडली. २०१२ मध्ये अ‍ॅलेक्सनेट या चित्र ओळखणाऱ्या प्रणालीचे प्रशिक्षण दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, म्हणजे खेळाच्याच कार्डांवर, झाले. तेव्हापासून संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने घरी दिलेले अभ्यासाचे कारण निव्वळ बहाणा राहिले नाही, ही या कथेतली एक गंमत आहे.

खरेदीच्या वाटेबाबत फार लिहिण्यासारखे नाही. साधे कार्ड कोल्हापुरात किंवा सांगलीत मिळे, विशिष्ट नमुना हवा असल्यास पुणे किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागे, आणि २०१३ नंतर मोठे ऑनलाइन विक्रेते स्थिरावल्यावर ठिकाणांची ही यादी घरपोच येणाऱ्या एका खोक्यावर आली. हमीच्या काळात कार्ड बिघडले तर ते परत शहरात पाठविण्याची यातायात मात्र तशीच उरली, आणि पंख्याचा आवाज, उन्हाळ्यातील उष्णता व धूळ या गोष्टींना निवडीत वजन आले ते त्यामुळेच.

२०१७ आणि पुन्हा २०२१ मध्ये कूटचलनाच्या खाणकामासाठी ग्राफिक्स कार्डांची जगभर उचल झाली आणि मधली पायरी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलर या जाहीर किमतीने बाजारात आलेले आरटीएक्स ३०६० त्या किमतीला मिळणे दुरापास्त होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने खाणकामाची पद्धत सोडली आणि वर्षानुवर्षे अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. वापरलेला ट्रॅक्टर घेताना तासांचे मीटर पाहण्याची सवय असलेल्या प्रदेशात, तास न मोजणारी ही वस्तू घ्यावी की नाही, हा प्रश्न नवा होता. दरम्यान खेळणाऱ्यांचा मोठा वर्ग संगणक सोडून गेलाही होता: २०१६ मध्ये जिओमुळे स्वस्त झालेला डेटा आणि २०१८ मध्ये आलेला ‘पबजी मोबाइल’ यांनी, कार्ड, एसएमपीएस आणि यूपीएस या तिन्ही खर्चांना एकदम बगल दिली. खालच्या बाजूने अंगभूत चित्रकामही वर सरकले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९९ डॉलरला आलेल्या रायझन ३ २२००जी या प्रोसेसरमधील चित्रकाम साध्या खेळांना पुरे पडू लागले आणि २०२० चा ‘व्हॅलोरंट’ तर अशाच यंत्रांसाठी हलका बांधलेला होता.

त्यामुळे आज मधले कार्ड घेणारा ग्राहक संख्येने कमी आणि माहितीने अधिक सजग आहे. त्याच्यापुढील वाद पुन्हा जीबीचाच आहे, पण आता तो रास्त आहे: नव्या खेळांतील पृष्ठभागांची चित्रे इतकी मोठी झाली आहेत की ८ जीबी स्मृती काही ठिकाणी तोकडी पडते, आणि म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने २४९ डॉलरला दिलेले १२ जीबीचे आर्क बी५८०, किंवा जून २०२५ मध्ये ८ व १६ जीबी अशा दोन रूपांत आलेले रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, यांच्याभोवती चर्चा फिरते. खाचेच्या विजेवर चालणाऱ्या कार्डांच्या ओळीत अलीकडचे ठळक नाव फेब्रुवारी २०२४ चे ७० वॅटचे आरटीएक्स ३०५०, ६ जीबी आवृत्तीतले. त्यानंतर, २०२५ मध्ये, एनव्हिडियाच्याच नव्या पिढीतील सर्वांत खालचे डेस्कटॉप कार्ड आरटीएक्स ५०५० या नावाने आले. त्याला १३० वॅट लागतात, आणि आठ टाचण्यांची तारही.